फक्त ब्रेक

रबाळ्याच्या एमआयडीसीत एका पॅकिंग कंपनीच्या मागे पत्र्याची शेड होती आणि तिच्यावर एक पाटी होती. पाटीवर दोनच शब्द: ‘फक्त ब्रेक’. मालकाचं नाव नाही, फोन नंबर नाही, खाली लिंबू-मिरचीही नाही. पाटी रंगवणाऱ्याने हौसेने कोपऱ्यात एक गाडी काढली होती, ती मालकाने पुसायला लावली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पळती गाडी काढली हुती त्यानं. हितं पळत्या गाडीचं काय काम?"

मालकाला सगळे फोरमन म्हणत. साताऱ्याकडच्या एका एसटी डेपोत उभा जन्म बसचे ब्रेक बांधून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि मुलाच्या घणसोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तिथे आठ दिवस गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे ब्रेक ऐकले. नवव्या दिवशी शेड बघायला बाहेर पडले. सात वर्षं मी त्यांना ओळखते, पण त्यांचं खरं नाव मला त्यांच्या एका सहीवरून कळलं. ती सही त्यांनी कुठे केली ते पुढे येईलच.

पाटीवरचे दोन शब्द ते अक्षरशः पाळत. इंजिन गरम होतंय म्हणून आलेल्याला शेडच्या बाहेरूनच शेजारच्या गल्लीत पाठवत. एकदा एका कंपनीच्या बसचा ड्रायव्हर ब्रेक करून घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "फोरमन, जरा हॉर्नपण बघा ना, आवाज बसलाय." फोरमननी हात पुसले. "ब्रेक चांगला झालाय. आता हॉर्न कशाला लागतोय?" म्हणाले आणि चहाला निघून गेले. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मी काय सांगणार, मीही माझ्या नंबराची वाट बघत स्टुलावर बसले होते.

त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. साधी स्कूटरसुद्धा नाही. घणसोलीहून रबाळ्याला ते चालत येत, गावी जायचं तर एसटीने. मी एकदा विचारलं, "फोरमन, इतकी वर्षं गाड्यांत काढलीत, शिकावंसं नाही वाटलं?"

"शिकलो असतो तर पळवावीशी वाटली असती," ते म्हणाले. "पळवनारं लै हायत. थांबवायचं कुनी बगायचं?"

त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली होती. वऱ्हाडाची बस मांडवाच्या दारात आली. सगळे उतरले, नवरदेव उतरेना म्हणून शोधाशोध झाली, तर हा माणूस मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत बसच्या खाली. येताना घाटात मागच्या डाव्या चाकाचा आवाज आला होता म्हणे. "अंतरपाट धरला तवा हात ह्ये असं काळं," काकू म्हणाल्या, "आनि माझा भाऊ इचारतोय, नवरा मुलगा कंचा आनि गाडीचा क्लीनर कंचा." फोरमन तिथेच बसून शेंगा सोलत होते. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "परत जाताना त्याच बसनं जायाचं हुतं," ते म्हणाले. "तूबी हुतीस की तिच्यात."

त्यांच्या डेपोची एक रीत होती. ज्याने ब्रेक बांधला, त्याने त्या बसच्या पहिल्या घाट उतरणीला स्वतः आत बसायचं. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता, आधीच्या फोरमनने ह्यांना सांगितला आणि ह्यांनी पुढच्यांना. बस खाली पोचली की कंडक्टरला एकच प्रश्न विचारायचा: किती झोपले? घाट उतरताना जितके पॅसेंजर झोपले तितके फिटरचे मार्क. लोक जागे राहून समोरचा दांडा धरून बसले असतील तर बस परत डेपोत, चाकं पुन्हा खोलायची. "पाशिंजरला ब्रेकमधलं काय बी कळत न्हाई," फोरमन म्हणायचे, "पर झोपंला कळतंय." त्यांनी स्वतः मात्र कधी डोळा मिटला नाही. ब्रेक आपला असल्यावर आपण झोपून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता मी ह्या माणसाकडे कशी पोचले ते सांगते.

माझी गाडी दोन सीटची, पांढरी, बसकी, सेकंडहँड स्पोर्ट्स कार. नेरूळच्या आमच्या सोसायटीत ती पहिल्यांदा आली तेव्हा सेक्रेटरींनी चारी बाजूंनी फिरून विचारलं, "छान आहे. पण बाकीचे कुठे बसणार?" बाकीचे म्हणजे माझे वडील, अप्पा. घरात आम्ही दोघंच. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पेपरच्या गुंडाळीवरचं रबरसुद्धा जपून ठेवणारे. ह्या गाडीवर मी नोकरीची दहा वर्षं लावली हे त्यांना पटलं नव्हतं, पण ते बोलले नाहीत.

साताऱ्याच्या पलीकडे एका माळावर एक खासगी ट्रॅक आहे. ठरावीक रविवारी फी भरून तिथे आपापली गाडी मनसोक्त पळवता येते. ह्याला ट्रॅक डे म्हणतात. शर्यत नसते, नंबर नसतो, कुणी जिंकत नाही. पण सरळ रस्त्यावर गाडी जेव्हा सुटते तेव्हा आठवडाभराच्या सगळ्या मीटिंगा मागे पडतात, आणि मला त्याचं वेड लागलं होतं. एका रविवारी मी अप्पांनाही घेऊन गेले. ते कठड्याशी टोपी घालून उभे राहिले. तिसऱ्या चकरेत सरळ रस्त्याच्या शेवटी मी ब्रेक दाबला आणि पेडल खालीच गेलं. चिखलात पाय जावा तसं, थेट तळापर्यंत. गाडी मुरमातून फरपटत रचलेल्या टायरांच्या भिंतीत घुसली.

मला खरचटलंही नाही. बंपर गेला, एक दिवा गेला. पण कठड्यापासून माझ्यापर्यंत धावत आलेल्या अप्पांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ते ओरडले नाहीत. घरी आल्यावर दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "गाडी विकूया." वाशीचं एक गिऱ्हाईकही त्यांनी बघून ठेवलं होतं. मी रडले, भांडले, शेवटी तहावर आले. त्याच ट्रॅकवर, त्यांच्या डोळ्यांसमोर एकदा पुन्हा. पेडल परत खाली गेलं तर तिथूनच गिऱ्हाइकाला फोन करायचा. अप्पा म्हणाले, "ठीक आहे. पण मग एक शब्द ऐकणार नाही."

खरं नुकसान मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पाम बीच रोडवर लांबवर सिग्नल दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायला लागला होता. मागचे हॉर्न मारत. जिच्यासाठी दहा वर्षं साठवली ती गाडी चालवायलाच मी घाबरत होते.

ऑफिसच्या बसच्या ड्रायव्हरने ‘फक्त ब्रेक’चा पत्ता दिला. फोरमनकडे गेले ती एक मोठा खोका घेऊन. मोठ्या हौसेने तो त्यांच्यासमोर उघडला. आत चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून आवळून धरणाऱ्या लाल पकडी होत्या.

"ह्ये काय?"

"कॅलिपर. मोठे, सहा पिस्टनचे. ट्रॅकवाले सगळे हेच लावतात."

"लाल कशापायी?"

"म्हणजे... चाकातून दिसतात."

"दिसून गाडी थांबती का?" त्यांनी खोका बंद करून माझ्या हातात परत दिला. "कंपनीनं दिल्यालं काय वाईट न्हाई. ऑइल कवा बदललं हुतं?"

"ट्रॅकला जायच्या आदल्या दिवशी," मी ठसक्यात सांगितलं. "ही काय बाटली. थोडं उरलंय." डिकीतून मी बाटली काढून दिली. तिचं झाकण फुटलेलं होतं, तोंडाला दुधाच्या पिशवीचा तुकडा होता आणि त्यावर दोन रबरं.

फोरमननी बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला शेजारी बसवून सांगितलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटली एकदा उघडली की ती ठेवायची नाही, आणि आपल्याकडे तर खाडीची हवा, बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं. असं ऑइल गावात चालून जातं. पण ट्रॅकवर ब्रेक तापतो, आतल्या पाण्याची वाफ होते. "ऑइल दाबलं जात न्हाई, म्हनून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाती. तुमी पाय दिला तो वाफंवर दिला."

महिनाभर मी गाडीला, टायरला, त्या वळणाला दोष देत होते.

"बाटली कुनी दिली?"

"मीच."

"रबर कुनी लावलं?"

मी बाटलीच्या तोंडाकडे बघितलं.

"दोन रबरं, त्ये बी फुली मारून," फोरमन म्हणाले. "तुमच्या वयाचं मानूस असं रबर लावत न्हाई."

ती बाटली आमच्या गॅलरीत वर्षभर होती. ऑइल बदलायला मेकॅनिक सोसायटीत आला तेव्हा अप्पांनीच त्याला ती आणून दिली होती. घरात असताना नवी कशाला फोडायची? त्यांना वाटलं मुलीची तेवढीच बचत झाली. फोरमननी बाटली जुन्या ऑइलच्या डब्यात रिकामी केली, रबरं काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "वडलांना सांगू नगा. आदीच भ्यालेत."

त्यानंतर तीन रविवार गाडी शेडमध्ये होती. त्यांनी रबरी नळ्या काढून स्टीलची जाळी विणलेल्या नळ्या लावल्या, त्या तापल्या तरी फुगत नाहीत. डिस्कवर घासणारे पॅडही जास्त उष्णता सोसणारे आणवले. मग गाडीसमोर उकिडवे बसून विचार करत राहिले आणि अचानक म्हणाले, "तुमच्या घरात चिमनी हाय?" मला वाटलं चहाला काही हवंय. त्यांना किचनच्या चिमणीला लावतात तो चुण्यांचा ॲल्युमिनियमचा पाइप हवा होता. नेरूळच्या हार्डवेअरवाल्याकडून मी दोन आणले. पुढचे फॉग लाइट काढून त्या भोकांतून त्यांनी ते पाइप थेट ब्रेकच्या डिस्कपर्यंत नेले. गाडी पळाली की समोरचा वारा सरळ डिस्कवर. गाडीचं थोबाड पार बिघडलं. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "भजी तळताना चिमनीकडं कोन बगतं?"

शेवटच्या रविवारी ब्रेकमधली हवा काढायची होती. पेडलवर पाय गाडीवाल्याचाच हवा, हा त्यांचा आणखी एक हट्ट. मी आत बसून पेडल दाबायचं, त्यांनी चाकाशी बसून नट सोडायचा. "दाबा. धरा. सोडा." सकाळी नऊला सुरू केलं ते दुपारी एकपर्यंत. प्रत्येक चाकाला, पुन्हा पहिल्यापासून. माझी पिंढरी भरून आली. पहिल्या तासात पेडल मऊ होतं, मग जरा घट्ट, आणि शेवटी पायाखाली देवळाची पायरी असावी तसं टणक लागलं. मी "झालं!" असं ओरडले. फोरमननी मान वर केली नाही. "तुमच्या पायाला कळलं ना? मग झालं," म्हणाले. त्या चार तासांत त्यांनी माझ्या भीतीवर काम केलं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

मी गाडी घरी न्यायला लागले तर ते दारात उभे. "मीबी येनार." "कुठे?" मी विचारलं.

"ब्रेक मी बांधलाय. पयल्या घाटाला मी बसनार."

"फोरमन, तिथे घाट नाही. ट्रॅक आहे."

"उतार असू दे न्हाईतर सपाट. ब्रेक लागनार हाय का न्हाई?"

ह्यापुढे बोलायची सोय नव्हती. पुढच्या रविवारी, ट्रॅक डेच्या पहाटे, घणसोलीहून फोरमनना शेजारच्या सीटवर घेऊन मी निघाले. अप्पा आधीच गावी, साताऱ्याला काकांकडे गेले होते. ते तिथून एसटीने परस्पर आले. दोघांची ओळख करून दिली. अप्पांनी पुढच्या बाजूने डोकावणारे पाइप पाहिले, सत्तरीचा टोपीवाला फिटर पाहिला, आणि खिशातला फोन चाचपला. त्यात वाशीच्या गिऱ्हाइकाचा नंबर होता.

आजूबाजूला महागड्या गाड्या, चकचकीत लाल कॅलिपर. दोन पोरांनी आमच्या पाइपचे फोटो काढले आणि खिदळले. फोरमन तिकडे पाठ करून आयोजकांचा फॉर्म वाचत होते. आत बसणाऱ्या प्रत्येकाने तो भरायचा असतो. त्यांनी तो सगळा वाचला, दोन्ही पानं, बोट ठेवून.

"हितं लिवलंय काय झालं तर जबाबदारी कुनाचीच न्हाई," ते टेबलामागच्या मुलीला म्हणाले.

"काका, तो स्टँडर्ड फॉर्म आहे, टेन्शन नका घेऊ. फक्त साइन करा."

फोरमननी पेन घेतलं, छापलेल्या मजकुराखाली मोकळ्या जागेत सावकाश लिहिलं: ‘ब्रेकची जबाबदारी माझी’. आणि खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वळणदार अक्षरात. ती मुलगी मला म्हणाली, "मॅडम, असं कोणी लिहीत नाही." मागे अप्पा उभे होते. त्यांनीही ते वाचलं.

फोरमन टोपी काढणार नाही म्हणाले, म्हणून हेल्मेट टोपीवरच बसवलं. पट्टे बांधले. निघण्याआधी म्हणाले, "आत आवाज हुतोय, बोललेलं ऐकू येनार न्हाई. एकदा टक म्हंजी थांबा. दोन म्हंजी चला. कंडक्टरची बेल असती तसं."

पहिली चक्कर हळू, पॅड तापवायला. दुसरीत मी वेग घेतला. सरळ रस्ता आला, त्याच्या शेवटच्या वळणाआधीच्या, अंतर सांगणाऱ्या पाट्या दिसायला लागल्या आणि माझा पाय आपोआप उचलला गेला. तितक्यात डॅशबोर्डवर फोरमनचं बोट वाजलं. टक टक. डबल बेल. चला. मी घाबरून आणखी थोडी गेले, ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी शांत झाली. वळण कधी गेलं कळलं नाही. पुढच्या चकरेत पुन्हा पाय उचलला, पुन्हा टक टक. ह्या वेळी पुढच्या पाटीपर्यंत. पेडल तसंच टणक. चौथ्या चकरेत मी त्या टायरांच्या भिंतीकडे पूर्ण वेगाने गेले, जिथे दोन महिन्यांपूर्वी घुसले होते, आणि बेल वाजली नाही. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, मला गरज नव्हती. पायाला कळलं, मी दाबला, आणि गाडी थांबली म्हणजे अशी थांबली की पट्ट्याने खांदे धरले. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसत होते. पाचवी, सहावी, दहावी! खिदळणारी पोरं ब्रेक तापले म्हणून बाजूला जाऊन उभी राहिली होती आणि आमच्या चिमण्या वारा ओढत होत्या. बाराव्या चकरेला फोरमननी एकदाच टक केलं. थांबा. मी आत आले.

उतरल्यावर ते म्हणाले, "पेडल?"

"पहिल्यासारखं. जिथे होतं तिथेच."

त्यांनी टोपी सारखी केली. एवढाच आनंद.

सकाळचं सत्र संपलं तेव्हा त्यांनी नवी बाटली फोडून पुन्हा चाकांतलं थोडं ऑइल बदललं. बाटली अर्धी उरली. अप्पा इतका वेळ शेजारी उभं राहून सगळं बघत होते. त्यांनी खिशातून रबर काढलं. "अहो, अर्धी आहे की. ठेवा, माझ्याकडे रबर आहे."

फोरमननी ती जुन्या ऑइलच्या डब्यात ओतून टाकली. "उघडल्याली ठेवायची न्हाई, दादा. हवेतलं पानी पिती. मग तापलं की पेडल खाली."

अप्पांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गॅलरीतली?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. माझ्या वडिलांचा चेहरा त्या क्षणी इतका लहान झाला की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली. ते माझ्या खांद्यावर पुटपुटत राहिले, "मला वाटलं, कशाला वाया..."

"चूक न्हवं ती," फोरमन डब्याचं झाकण लावत म्हणाले. "माझ्या डेपोत लोकं ह्येच करत. म्हनून तर मला पगार हुता."

ते विसरून बोलले की मुद्दाम, हे मी नंतर त्यांना विचारलं. म्हणाले, "आदी सांगितलं असतं तर निस्ती भीती हुती. आता ब्रेक हुता."

मग त्यांनी पिशवी उचलली. "म्या यस्टीनं येतो. तुमी बसा तिच्याशेजारी."

"अहो, असं कसं," अप्पा म्हणाले. "तुमची रीत आहे म्हणे, पहिल्या घाटाला..."

"माझं बसून झालं. आता पाशिंजर पायजे." त्यांनी अप्पांना सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गाडीच्या टपावर दोनदा बोट वाजवलं.

पुण्यापर्यंत अप्पांनी दाराचा दांडा सोडला नाही. पुण्यानंतर दोन बोटांनी धरला. लोणावळा गेलं आणि घाटाची उतरण लागली. ट्रक रांगेने रांगत होते, ऊन कलंडलं होतं, वळणामागून वळण येत होतं. माझा पाय ब्रेकवर जात होता तो गरज असेल तेव्हाच, आणि माझ्या सवडीने. कितव्या वळणावर ते कळलं नाही, पण दांड्यावरची दोन बोटं सुटली. मी हळूच बघितलं. अप्पांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड थोडं उघडं, वाशीच्या गिऱ्हाइकाचा नंबर असलेला फोन मांडीवरून सीटखाली घसरलेला.

घाट उतरून खालापूरच्या टोलनाक्यापुढे मी गाडी बाजूला घेतली आणि बाहेर येऊन फोरमनना फोन लावला. मागे एसटीचा खडखडाट आणि कुणाचं तरी रडणारं मूल.

"उतरला घाट?"

"उतरला."

"मग? किती?"

मी काचेतून आत बघितलं. "एकच होते, फोरमन. झोपलेत."

पलीकडून नुसतं सीटच्या लोखंडी दांड्यावर बोट वाजलं, दोनदा.